ऑनलाइन छळमोहिमेची तक्रार : पहिल्या रात्रीपासून दोषारोपपत्रापर्यंत

मी आरोग्यविषयक लेखन करते. 11 सप्टेंबर 2024 रोजी मी एका लोकप्रिय चॅनेलच्या दाव्याची तपासणी करणारा लेख प्रसिद्ध केला. आपला काढा घेतला की पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या रुग्णाचे इन्सुलिन तीन आठवड्यांत बंद होते, असा तो दावा होता. या आजारात स्वादुपिंड इन्सुलिन जवळजवळ तयारच करत नसल्यामुळे इंजेक्शन थांबवणे जिवावर बेतू शकते, आणि मधुमेह बरा करण्याची जाहिरात करण्यास 1954 च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने मनाई आहे, एवढेच लेखाचे म्हणणे होते. तीन दिवसांनी, शनिवारी संध्याकाळी, चॅनेलच्या चालकाने माझा फोटो दाखवणारी चित्रफीत टाकली आणि 'औषध कंपन्यांची सुपारी घेणाऱ्या या बाईला जाब विचारा' असे आपल्या अनुयायांना सांगितले.

त्या रात्रीपासून जे सुरू झाले त्याला टीका म्हणता येणार नाही. टीका लेखावर होते आणि तिला उत्तर देता येते. येथे आधी शिव्या आल्या, मग बलात्काराच्या धमक्या आल्या, आणि मध्यरात्रीनंतर एका मोठ्या संदेशगटात माझा मोबाइल क्रमांक टाकला गेला. जुन्या कार्यशाळेच्या एका पत्रकावर तो छापलेला होता आणि ते पत्रक अजून महाजालावर पडून होते. रविवारी माझ्या नावाचे बनावट खाते उघडून त्यावर माझा चेहरा चिकटवलेले अश्लील छायाचित्र टाकण्यात आले. माझ्या खऱ्या खात्याविरुद्ध मात्र इतक्या जणांनी एकाच वेळी तक्रारी केल्या, की कंपनीच्या यंत्रणेने ते परस्पर बंद केले. सोमवारी सकाळी मी नोकरी करते त्या संस्थेच्या टपालपेटीत मला कामावरून काढण्याची मागणी करणारे ईमेल येऊ लागले होते. फोन वाजला की पोटात गोळा येई, आणि झोप लागली तरी तासाभरात जाग येऊन हात आपसूक फोनकडे जाई.

या काळात मला सर्वांत मोठा आधार मिळाला तो एका मैत्रिणीने केलेल्या साध्या व्यवस्थेचा. रविवारी दुपारी ती घरी आली, माझा फोन तिने स्वतःकडे घेतला आणि म्हणाली, "अगं, हे सगळं तू वाचायची गरज नाही. कुणीतरी वाचून नोंदवायला हवं, ते मी करते." पुढचे काही आठवडे माझ्या नावाने येणारा प्रत्येक संदेश आधी तिने पाहिला आणि फक्त निर्णय घेण्यासारखे तेवढेच माझ्यापर्यंत आणले. ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांना माझे पहिले सांगणे हेच, की तुमच्यावर आलेला मजकूर तुमच्याऐवजी वाचेल असे विश्वासाचे माणूस त्याच दिवशी शोधा. भावाबहिणींपैकी कुणी असेल तर आधी त्याच्याशी नीट बोलून घ्या, कारण जवळच्या माणसाला तो मजकूर वाचणे अनेकदा अधिक जड जाते.

तिने तक्ता केला त्यात प्रत्येक नोंदीसाठी तारीख, वेळ, पूर्ण दुवा, खात्याचे नाव, मजकुराचा प्रकार आणि स्क्रीनशॉटच्या फाइलचे नाव असे रकाने होते. स्क्रीनशॉट कापायचा नाही, वरचा पत्ता आणि खालची वेळ दोन्ही दिसली पाहिजेत, आणि ज्या खात्याचा अंकी ओळखक्रमांक मिळतो तो टिपून ठेवायचा, कारण खात्याचे नाव क्षणात बदलता येते. सार्वजनिक पाने इंटरनेट आर्काइव्हवर साठवून तो दुवाही लिहिला. व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश एक्स्पोर्ट करून ठेवले आणि फोनमधले मूळ संदेश पुसले नाहीत. वाचवत नाही म्हणून सगळे पुसून टाकावेसे वाटणे स्वाभाविक आहे, पण पोलिसांना आणि न्यायालयाला मूळ उपकरणातला मूळ मजकूर लागतो. त्याच दिवशी सर्व खात्यांना दुहेरी पडताळणी लावली, आणि कार्यशाळेच्या आयोजकांना फोन करून ते पत्रक काढून टाकायला लावले.

या तक्त्यामुळे एक गोष्ट उजेडात आली, जी माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची होती. माझ्या संस्थेला आलेल्या ईमेलचा मजकूर शब्दशः एकच होता, आणि त्यातल्या कितीतरी पत्रांच्या शेवटी 'येथे आपले नाव व शहर लिहावे' ही कंसातली सूचना तशीच राहून गेली होती. म्हणजे संतापलेल्या माणसांनी आपापली पत्रे लिहिली नव्हती. कोणीतरी मसुदा तयार केला होता, तो कुठे पाठवायचा याचा पत्ता दिला होता आणि वेळही ठरवली होती. विभागप्रमुखांसमोर मी त्यांतली दोन पत्रे शेजारी शेजारी ठेवली. त्यांनी ती वाचली आणि संस्थेने कोणालाही उत्तर न देता सर्व ईमेल शीर्षमाहितीसह (ईमेल कुठून, कोणत्या मार्गाने आला याच्या तांत्रिक नोंदीसह) जपून ठेवावेत, असा लेखी आदेश काढला. मालकांनी आपल्या कर्मचाऱ्यासाठी एवढे जरी केले तरी पुष्कळ होते.

माध्यमांचा पहिला अनुभव मात्र फार वाईट आला. सोमवारी दुपारीच एका वृत्तसंकेतस्थळाने 'मधुमेहावरील लेखामुळे नेटकऱ्यांचा संताप, लेखिका ट्रोल' अशी बातमी दिली. मला एकही प्रश्न न विचारता लिहिलेल्या त्या बातमीत चार ओळी होत्या आणि बाकी जागेवर मला शिव्या देणाऱ्यांचे संदेश, त्यांच्या खात्यांच्या नावांसह, जसेच्या तसे चिकटवलेले होते. ज्या लेखावरून हे सारे घडले त्यातले एक वाक्यही तिथे नव्हते. 'नेटकरी' म्हणजे नेमके किती जण, ते कोणाच्या सांगण्यावरून लिहीत आहेत, याची चौकशी न करता ठरवून केलेल्या मोहिमेला लोकभावनेचा दर्जा देण्याचे काम त्या बातमीने केले. मैत्रिणीच्या तक्त्यात त्याचा परिणाम स्पष्ट दिसत होता. रविवारी रात्री ओसरू लागलेला ओघ बातमीनंतर पुन्हा चढला, आणि आता लिहिणाऱ्यांत त्या चॅनेलशी काही संबंध नसलेली खातीही होती.

त्याच सोमवारी समाजमाध्यम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे मी लेखी तक्रार केली. संदेशाखालचे 'रिपोर्ट'चे बटण दाबणे आणि या अधिकाऱ्याकडे तक्रार करणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कायदेशीर मुदत दुसरीला लागू होते. 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत त्या वेळी तरतूद अशी होती, की तक्रारीची पोच 24 तासांत द्यावी, निवारण 15 दिवसांत करावे, आणि तोतयेगिरी किंवा चेहरा चिकटवलेले अश्लील छायाचित्र असेल तर 24 तासांत ते काढण्याची कार्यवाही करावी. या मुदतींत नंतर बदल होत असतात, म्हणून अर्ज करताना चालू नियम उघडून पाहावेत. एकाच अर्जात सर्व न घालता मी छायाचित्र, बनावट खाते आणि मोबाइल क्रमांक उघड करणारे संदेश यांचे वेगवेगळे अर्ज केले. तसे केल्यामुळे पहिल्या दोन्हींवर दुसऱ्याच दिवशी कारवाई झाली. ते छायाचित्र इतरत्र पसरू नये म्हणून स्टॉपएनसीआयआय या सेवेचा उपयोग केला. तिथे चित्र आपल्या उपकरणातून बाहेर जात नाही, त्याचा फक्त अंकी ठसा तयार होऊन सहभागी कंपन्यांना दिला जातो. मोबाइल क्रमांकाच्या अर्जाला 30 सप्टेंबर रोजी उत्तर आले, की आमच्या नियमांचा भंग आढळला नाही.

राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर 17 सप्टेंबरला तक्रार केली. लैंगिक स्वरूपाच्या मजकुरासाठी तिथे निनावी तक्रारीचीही सोय आहे, पण पुढे काय झाले हे कळत राहावे म्हणून मी मोबाइल क्रमांक देऊन नोंद केली आणि पोचक्रमांक घेतला. 1930 हा सायबर मदतवाहिनीचा क्रमांक प्रामुख्याने आर्थिक फसवणुकीसाठी आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. पोर्टलवरची तक्रार म्हणजे प्रथम खबरी अहवाल (एफआयआर) नव्हे. ती राज्याच्या पोलिसांकडे जाते आणि बहुधा तुम्हाला पोलीस ठाण्यात जावेच लागते.

ठाण्यात पहिल्यांदा मला सांगण्यात आले, "मॅडम, हे अदखलपात्र आहे, एनसी घेतो. फोन बंद ठेवा काही दिवस." एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, तिच्यावर न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत. ज्या अंमलदारांनी हे सांगितले ते उद्धट नव्हते, त्यांच्यासमोर रांग होती आणि माझ्या हातातली पानांची चवड पाहून त्यांना हेच सोपे वाटले असावे. मी अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन परतले. तोंडी बोलणे विरून जाते, शिक्क्याची पोच राहते, म्हणून त्याशिवाय ठाण्यातून कधीही बाहेर पडू नये.

मग वकिलांकडे गेले. त्यांनी अर्ज पुन्हा लिहिला तो निम्म्याहून लहान झाला. महाजालावर मिळणाऱ्या तयार अर्जांमध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66अ अजूनही आढळते. श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते 24 मार्च 2015 रोजी घटनाबाह्य ठरवले आहे, आणि ते अर्जात असले की वाचणाऱ्याचा उरलेल्या अर्जावरचाही विश्वास उडतो, असे वकील म्हणाले. त्यांनी घातलेली कलमे अशी होती : भारतीय न्याय संहितेतील पाठलागाचे 78, स्त्रीच्या विनयशीलतेचा अवमान करण्याचे 79 आणि धमकीचे 351, तसेच माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ओळखचोरीचे 66क आणि अश्लील मजकुराचे 67. संपर्क नको असल्याचे स्पष्ट केल्यानंतरही पुन्हा पुन्हा संपर्क साधणे 78 मध्ये येते, म्हणून ज्या तिघाचौघांचे फोन सतत येत होते त्यांना 'यापुढे संपर्क करू नये' एवढाच एक संदेश आधी पाठवून ठेवला. मानहानीचे कलम 356 त्यांनी जाणूनबुजून बाजूला ठेवले, कारण त्यासाठी थेट न्यायालयात खासगी फिर्याद करावी लागते आणि ठाण्यातल्या अर्जात ते आले की सगळाच अर्ज 'तुमचा आपसातला वाद' या सदरात जातो.

दुसऱ्या खेपेला बराच वेळ थांबावे लागले, पण त्या थांबण्याला कारण होते. पाठलाग व विनयशीलतेच्या गुन्ह्यांत स्त्रीची फिर्याद महिला अधिकाऱ्यानेच नोंदवावी लागते, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचा तपास निरीक्षक दर्जाच्या किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्याने करावा लागतो. दोघेही हजर असण्याची वेळ आधी फोन करून विचारून घेतली तर फेरी वाचते. 26 सप्टेंबर रोजी गुन्हा दाखल झाला. जबाब टंकून झाल्यावर प्रत्येक पान वाचले आणि दोन ठिकाणी तारखा दुरुस्त करून घेतल्या. प्रथम खबरी अहवालाची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. सोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचे प्रमाणपत्र दिले. त्याच्या नमुन्यात दोन भाग असून दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा असतो, आणि फाइलचे हॅश मूल्यही (म्हणजे तिचा अंकी ठसा) लिहावे लागते. ते आयत्या वेळी होत नाही.

वकिलांनी एक गोष्ट त्याच दिवशी बजावून सांगितली, की हे लवकर संपणार नाही. जुलै 2021 मध्ये मुस्लिम स्त्रियांची छायाचित्रे 'लिलावा'ला लावणारे पहिले ॲप उघडकीस आले, गुन्हाही दाखल झाला, पण अटका झाल्या त्या जानेवारी 2022 मध्ये तसेच दुसरे ॲप आल्यानंतर, जेव्हा लक्ष्य झालेल्या स्त्रियांनी आणि पत्रकारांनी तो विषय खाली पडू दिला नाही. मला दिलासा देणारी ही माहिती नव्हती, पण तिच्यामुळे मी रोज ठाण्यात फोन करणे सोडले आणि पंधरा दिवसांतून एकदा लेखी विचारणा करू लागले.

सप्टेंबरच्या अखेरीस एका वृत्तपत्राच्या वार्ताहर भेटायला आल्या. आधीच्या बातमीमुळे मी बोलायला तयार नव्हते. त्यांनी आपण काय छापणार नाही हे आधी सांगितले : शिव्यांचे शब्द नाहीत, हल्लेखोरांच्या खात्यांची नावे नाहीत, ते छायाचित्र धूसर करूनही नाही. मग त्यांनी तक्ता मागितला आणि दोन दिवस त्यावर काम केले. 2014 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत व्हिडिओ गेम क्षेत्रातल्या स्त्रियांविरुद्ध जी 'गेमरगेट' मोहीम उभी राहिली तिचे त्यांनी उदाहरण दिले. पत्रकारितेतल्या नीतिमत्तेचा आग्रह असे तिचे रूप दाखवले जात होते आणि अनेक माध्यमांनी 'दोन बाजू' म्हणून ते स्वीकारलेही, तर त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये गोळीबाराच्या धमकीमुळे व्हिडिओ गेममधल्या स्त्रीचित्रणावर टीका करणाऱ्या अनिता सार्कीशियन यांना युटा स्टेट विद्यापीठातले व्याख्यान रद्द करावे लागले. त्यांना भीती धमकी देणाऱ्याची होतीच, पण त्या राज्याच्या कायद्यामुळे परवानाधारकांना सभागृहात बंदूक आणण्यापासून विद्यापीठ रोखू शकत नव्हते. "मोहिमेचा दावा छापायचा आणि मोहीम कशी चालते ते छापायचे नाही, म्हणजे मोहिमेचेच काम करणे," असे वार्ताहरबाई म्हणाल्या. 6 ऑक्टोबरच्या रविवारी आलेल्या त्यांच्या वृत्तात तो राहून गेलेला कंस होता, ईमेल किती कमी वेळात आले याचा आलेख होता, आणि इन्सुलिन बंद करण्याबद्दल डॉक्टरांचे म्हणणे होते. माझ्या घराचा, कुटुंबाचा उल्लेख कुठेही नव्हता. माझ्या संस्थेला येणारी पत्रे त्या आठवड्यात थांबली.

पहिल्या संकेतस्थळाविरुद्ध वृत्तपत्र परिषदेकडे जाता येईल असे मला वाटले होते, पण 1978 च्या कायद्यानुसार तिची कक्षा वृत्तपत्रे आणि वृत्तसंस्थांपुरती आहे. शेवटी वकिलांमार्फत संपादकांना नोटीस पाठवली. बातमीतले चिकटवलेले संदेश त्यांनी काढले आणि शीर्षक बदलले, मात्र दिलगिरीची ओळ छापली नाही.

समाजाच्या प्रतिसादाबद्दल लिहिताना मला थोडे थांबून लिहावेसे वाटते, कारण मदत करणाऱ्यांचा हेतू चांगला असूनही प्रत्येक मदत उपयोगी पडत नाही. लहान मुलांच्या मधुमेहासाठी पालकांनी चालवलेला एक गट आहे. त्याच्या चालकांनी पहिल्याच दिवशी माझ्याबद्दलची चर्चा थांबवली आणि त्याऐवजी इन्सुलिन का बंद करू नये याचे निवेदन वर लावून ठेवले. त्यामुळे मोहिमेला तिथे पाय ठेवायला जागा मिळाली नाही आणि पालकांना हवी ती माहिती मिळाली. काही वाचकांनी जाहीरपणे लिहिले की आम्ही लेख वाचला आहे आणि तो बरोबर आहे. ते दहाबारा जण होते, पण स्वतःच्या नावाने लिहीत होते, याचे मोल फार होते. दुसरीकडे माझ्या बाजूच्या एका गटाने हल्लेखोरांपैकी एकाचा पत्ता आणि त्याच्या मुलीचा शाळेच्या गणवेशातला फोटो शोधून टाकला. मी त्यांना फोन करून तो काढायला लावला. त्या मुलीने कोणाला काही केले नव्हते, आणि माझा क्रमांक उघड करणे गुन्हा असेल तर तिचा फोटो टाकणे न्याय कसा ठरेल, हे मला त्यांना बराच वेळ समजावावे लागले. मला आलेल्या संदेशांत असेही होते, जे आपल्या आजारी मुलासाठी त्या काढ्यावर विश्वास ठेवून बसलेल्या आईवडिलांनी लिहिले होते. त्यांची भाषा कडू होती, पण धमकी नव्हती. त्यांना मी फिर्यादीतून वगळले आणि काहींना उत्तरेही लिहिली.

मोबाइल क्रमांकाबद्दलच्या नकाराविरुद्ध 9 ऑक्टोबरला केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे अपील केले. ही समिती मार्च 2023 पासून काम करते. तक्रार निवारण अधिकाऱ्याचे उत्तर मिळाल्यापासून 30 दिवसांत अपील करायचे असते, सर्व काम ऑनलाइन होते, वकील लागत नाही. मूळ तक्रार, तिची पोच आणि नकाराचे उत्तर ही तिन्ही कागदपत्रे तारखांसह जोडावीत, आणि दुसऱ्याच्या खासगीपणाचा भंग करणारा मजकूर 2021 च्या त्याच नियमांतील नियम 3 मध्ये कुठे येतो ते थेट नमूद करावे. निर्णय नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात माझ्या बाजूने लागला आणि ते संदेश हटवले गेले. तोवर मी तो क्रमांक कामासाठी वापरणे थांबवले होते, पण बंद केला नव्हता, कारण बँकेची खाती त्याच्याशी जोडलेली होती आणि तपासासाठीही तो चालू राहणे गरजेचे होते.

खर्चाचे सांगायचे तर सरकारी पातळीवर कुठेही शुल्क भरावे लागले नाही. वकिलांची अर्ज आणि नोटीस मिळून सात हजार रुपये फी झाली, प्रमाणपत्राच्या तज्ज्ञ भागासाठी अडीच हजार लागले, शिवाय छपाई, पेनड्राइव्ह आणि नवे सिमकार्ड यांचा खर्च झाला. बुडालेल्या कामाचा हिशेब यात नाही, आणि समुपदेशकांकडे गेले त्याचाही नाही. तिथे मी उशिरा नव्हे, दुसऱ्याच आठवड्यात गेले होते आणि कोणीही जावे असे मला वाटते.

तपासाची प्रगती 90 दिवसांत फिर्यादीला कळवणे नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्यात (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत) पोलिसांवर बंधनकारक आहे. डिसेंबरच्या अखेरीस तसे पत्र आले. कंपन्यांकडून आलेल्या माहितीवरून तीन खात्यांमागची माणसे सापडली होती आणि त्यांना त्याच संहितेच्या कलम 35(3) खाली हजर राहण्याच्या नोटिसा दिल्या होत्या. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सहसा अटकेऐवजी अशी नोटीस दिली जाते, त्यामुळे 'अजून अटक का नाही' म्हणून कोणी खचून जाऊ नये. बनावट खाते उघडणारा मात्र मिळाला नाही. ईमेलचा मसुदा कोणी लिहिला याचा शोध चॅनेलच्या एका पगारी कर्मचाऱ्यापर्यंत पोहोचला.

जून 2025 मध्ये चौघांविरुद्ध दोषारोपपत्र दाखल झाले. चॅनेलच्या चालकाचे नाव त्यात नाही. चित्रफितीतले 'जाब विचारा' हे शब्द चिथावणी ठरतात की नाही, यावर सरकारी वकील आणि आमचे वकील यांच्यात मतभेद आहे, आणि त्याला आरोपी करण्याचा अर्ज साक्षीपुरावा सुरू झाल्यावर द्यायचा असे ठरले आहे. मूळ लेख जागेवर आहे. त्याखाली प्रतिक्रिया आता तपासून घेतल्या जातात, आणि ते काम मी आणि मैत्रीण आठवडे वाटून करतो.